भनपुरीवरील आकाश : उपग्रह, व्यापार आणि हौशी रेडिओ

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत भनपुरी ही औद्योगिक वसाहत आहे. लोखंडाचे कारखाने, लाकडाच्या वखारी आणि मालमोटारींची वर्दळ हे तिचे नित्याचे रूप. या वसाहतीवरच्या आकाशातून आज दिवसाच्या कोणत्याही घटकेला अनेक कृत्रिम उपग्रह जात असतात. दिवसा ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांचा नाद कानांवर पडत नाही. तथापि योग्य आकाशक, म्हणजे अँटेना, आणि एक साधे ग्राही यंत्र ज्याच्याजवळ आहे अशा माणसाला उपग्रह क्षितिजावर आल्याचे कळते, मावळल्याचे कळते आणि तो कोणत्या कामात गुंतला आहे याचाही अंदाज बांधता येतो. रेडिओ लहरींचा हा छंद जोपासणाऱ्यांना हौशी रेडिओचालक किंवा थोडक्यात 'हॅम' असे म्हणतात.

उपग्रह हे एके काळी मोजक्या राष्ट्रांचे साधन होते. आज आकाशातील बहुसंख्य कार्यरत उपग्रह खाजगी कंपन्यांच्या मालकीचे आहेत. त्यांना वर नेणारे अग्निबाणही पुष्कळ अंशी खाजगी आहेत, आणि त्यांच्यामार्फत घरोघर इंटरनेट पोचविण्याचा व्यवसाय उभा राहिला आहे. या बदलाचे वर्णन बहुधा गुंतवणूक, वेग आणि ग्राहकसंख्या यांच्या भाषेत केले जाते. हौशी रेडिओचालक त्याकडे निराळ्या बाजूने पाहतो. या लहरी कोणाच्या, त्यांचा वापर कसा चालला आहे हे सामान्य नागरिकाला तपासता येते की नाही, आणि उपग्रहाची किल्ली कोणाच्या हाती आहे, हे त्याचे प्रश्न आहेत. हे प्रश्न रायपूरच्या परिसराला तरी नवे नाहीत.

एका वर्षापुरता आलेला उपग्रह

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात भारतात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शनचा एक प्रयोग पार पडला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो 'साइट' या नावाने ओळखला जातो. आंध्र प्रदेश, ओरिसा, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतील मागासलेल्या भागांतून सुमारे २४०० खेडी त्यासाठी निवडली होती. मध्य प्रदेशातील खेडी रायपूरच्या परिसरात, म्हणजे २००० साली स्थापन झालेल्या छत्तीसगड राज्याच्या आजच्या प्रदेशात होती. दर राज्याच्या वाट्याला सरासरी चारशे खेडी आली. शाळेत किंवा पंचायतीच्या घरात एक दूरदर्शन संच बसविलेला असे. सकाळी मुलांसाठी आणि संध्याकाळी प्रौढांसाठी, मिळून दिवसाला सुमारे चार तास कार्यक्रम होत. शेती, आरोग्य आणि कुटुंबनियोजन हे त्यांचे मुख्य विषय होते.

या प्रयोगाची कल्पना विक्रम साराभाई यांची. त्यासंबंधीचा भारत-अमेरिका करार १९६९ साली झाला. मात्र प्रयोग पाहण्यास साराभाई राहिले नाहीत, १९७१च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. कार्यक्रम-व्यवस्थापनाची धुरा ज्यांनी वाहिली ते एकनाथ वसंत चिटणीस मूळचे कोल्हापूरचे. त्यांचे निधन २०२५ साली पुण्यात, वयाच्या शंभराव्या वर्षी झाले.

खेड्यातील आकाशक पाहण्यासारखा होता. सुमारे तीन मीटर व्यासाच्या सांगाड्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी ताणून बसवीत, आणि ही जाळीची तबकडी उपग्रहाच्या दिशेने वळवून ठेवीत. जाळीला भोके असताना लहरी त्यातून निसटून कशा जात नाहीत, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. उपग्रहाकडून येणारी लहर ८६० मेगाहर्ट्झ कंप्रतेची, म्हणजे सेकंदाला ८६ कोटी कंपने होणारी होती. अशा लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असते. जाळीची भोके या लांबीच्या मानाने फार लहान असली, की लहरीला ती जाळी अखंड पत्र्यासारखी वाटते आणि लहर परावर्तित होते. जाळी पत्र्याहून स्वस्त असते, वजनाला हलकी असते, आणि तिच्यातून वारा निघून जात असल्यामुळे वादळात टिकते.

इतक्या साध्या साधनावर काम भागले याचे श्रेय वरच्या उपग्रहाला होते. अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेने १९७४ साली सोडलेल्या 'ए. टी. एस.-६' या उपग्रहाला नऊ मीटरांहून अधिक व्यासाचा, छत्रीसारखा उलगडणारा आकाशक होता. त्यामुळे त्याची शक्ती चोहोकडे विखुरली न जाता भारताच्या भूमीवर एकवटे. आकाशातील आकाशक जितका मोठा तितका जमिनीवरचा लहान चालतो, हे तत्त्व येथे लक्षात ठेवावे. पुढे त्याचा पुन्हा उपयोग होणार आहे.

हा उपग्रह उसना होता. प्रयोगासाठी त्याला आफ्रिकेच्या पूर्व भागावर, ३५ अंश पूर्व रेखांशावर आणून ठेवले होते. वर्षाची मुदत संपली आणि करारानुसार तो परत नेण्यात आला. छत्तीसगडच्या खेड्यांतील जाळीच्या तबकड्या जागच्या जागी होत्या, संच सुस्थितीत होते, पाहणारेही होते. फक्त वरून येणारी लहर बंद झाली. १९७७ साली रायपुरात जमिनीवरचे प्रक्षेपण केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याच्या टप्प्यात येणाऱ्या खेड्यांना चित्र पुन्हा दिसू लागले. टप्प्याबाहेरच्यांना थांबावे लागले. भारताचा 'इन्सॅट-१ बी' हा उपग्रह १९८३ साली अमेरिकी अवकाशयानातून सोडण्यात आला, तेव्हा कोठे देशाला स्वतःच्या ताब्यातील भरवशाचा दूरदर्शन-उपग्रह लाभला.

'साइट'ने भारतीय तंत्रज्ञांना फार मोठे शिक्षण दिले, यात शंका नाही. परंतु जमिनीवरची सर्व साधने आपली असून उपग्रह दुसऱ्याचा असेल तर काय घडते, याचाही धडा त्यातून मिळाला.

हौशी रेडिओची परंपरा

हौशी रेडिओ म्हणजे पैसा मिळविण्याचा हेतू न ठेवता, स्वतः शिकण्यासाठी आणि परस्परांशी संपर्क साधण्यासाठी केलेला रेडिओ लहरींचा वापर. प्रक्षेपण करण्यास परवाना लागतो. भारतात त्यासाठी केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयामार्फत परीक्षा घेतली जाते, आणि उत्तीर्ण होणाऱ्यास सामान्यतः 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होणारी हाकखूण मिळते. चक्रीवादळात वा भूकंपात तारा आणि मनोरे कोसळतात, तेव्हा हेच लोक बॅटरीवरच्या यंत्रांनी निरोप पोचवितात. आंतरराष्ट्रीय नियमांनी काही कंप्रता-पट्टे या कामासाठी राखून ठेवले आहेत.

अवकाशयुगाशी या छंदाचा संबंध पहिल्या दिवसापासूनचा आहे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोडलेला सोव्हिएत संघाचा 'स्पुटनिक' २० आणि ४० मेगाहर्ट्झच्या आसपास 'बीप बीप' असा संकेत देत होता. या कंप्रता सामान्य ग्राही यंत्रांवर सहज ऐकता येण्याजोग्या असल्यामुळे जगभरच्या हौशी श्रोत्यांनी तो ऐकला. चारच वर्षांनी, १२ डिसेंबर १९६१ रोजी, हौशी मंडळींनी स्वतः तयार केलेला 'ऑस्कर-१' हा सुमारे साडेचार किलोग्रॅम वजनाचा उपग्रह अमेरिकेच्या एका अग्निबाणातील भरीच्या वजनाच्या जागी बसून अवकाशात गेला. मोर्स लिपीत 'हाय' एवढाच शब्द तो पाठवीत असे, आणि तेही तीन आठवडेच. परंतु २८ देशांतील श्रोत्यांनी त्याच्या नोंदी करून पाठविल्या. पैसेवाल्या कंपनीचा पहिला दळणवळण-उपग्रह 'टेलस्टार' त्यानंतर सात महिन्यांनी, १९६२च्या जुलैत गेला. अवकाशात खाजगी मंडळींपैकी आधी कोण पोचले असा हिशेब मांडला, तर हौशी मंडळी व्यापाऱ्यांच्या पुढे होती.

भारतात ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून 'हॅमसॅट' हा ४२ किलोग्रॅमांचा उपग्रह हौशी रेडिओसाठीच सोडण्यात आला. जमिनीवरून ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास पाठविलेला आवाज तो १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास परत पाठवी. २०१४ साली बॅटरी निकामी होईपर्यंत त्याने अनेक देशांतील चालकांची सेवा केली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी तयार केलेला 'स्वयम्' हा जेमतेम एक किलोग्रॅमचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी गेला. जमिनीवरील एका ठिकाणाहून निरोप घ्यायचा, तो स्मृतीत साठवायचा आणि दुसऱ्या ठिकाणावरून जाताना खाली द्यायचा, असे त्याचे उद्दिष्ट होते. पोस्टमनची ही रीत लहान प्रमाणावर होती खरी, परंतु उपग्रहाद्वारे निरोप पोचविण्याचे मूलतत्त्व तिच्यात आले आहे.

दूरचा उपग्रह आणि जवळचा उपग्रह

उपग्रहीय इंटरनेटमध्ये नवे काय आहे, हे समजण्यासाठी दोन प्रकारच्या कक्षांतील फरक पाहिला पाहिजे.

विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीभोवती नेमक्या तिच्याच परिवलनाच्या वेगाने फिरतो. त्यामुळे तो आकाशात एकाच जागी स्थिर भासतो. दळणवळणासाठी या भूस्थिर कक्षेचा उपयोग होईल, ही कल्पना आर्थर क्लार्क यांनी १९४५च्या ऑक्टोबरमध्ये 'वायरलेस वर्ल्ड' या रेडिओविषयक मासिकात सविस्तर मांडली. 'ए. टी. एस.-६' याच कक्षेत होता, आणि घराच्या छतावरची दूरदर्शनची तबकडी आजही अशाच उपग्रहाकडे तोंड करून असते. एकदा दिशा साधली की तिला पुन्हा हात लावावा लागत नाही. दोष असा, की लहरीला वर जाऊन खाली येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो. प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद सरतो. दूरदर्शन पाहताना हा विलंब जाणवत नाही. दूरध्वनीवरच्या संभाषणात मात्र तो खटकतो.

'स्टारलिंक' या अमेरिकी जाळ्याचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवर आहेत. हे अंतर भूस्थिर उपग्रहाच्या अंतराच्या पासष्टाव्या हिश्शाएवढे आहे. अंतर जितक्या पट कमी, त्याच्या वर्गाइतक्या पट लहर बलवान, या नियमाने जवळच्या उपग्रहाचा संकेत सुमारे चार हजार पट जोरदार पडतो. विलंबही सेकंदाच्या काही हजारांश भागांवर येतो. परंतु या जवळिकीची किंमत द्यावी लागते. इतक्या खालचा उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने धावतो आणि सुमारे ९६ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करतो. भनपुरीच्या क्षितिजावर उगवून तो फार तर बारा मिनिटांत मावळेल. सेवा अखंड हवी असेल तर एक मावळण्यापूर्वी दुसरा उगवला पाहिजे, आणि हे पृथ्वीवर सर्वत्र घडले पाहिजे. म्हणून उपग्रह हजारोंच्या संख्येने लागतात. २०१९च्या मे महिन्यात या जाळ्याचे पहिले साठ उपग्रह सोडण्यात आले; २०२५ अखेर ही संख्या नऊ हजारांच्या वर गेली. अग्निबाणाचा खालचा टप्पा परत उतरवून पुन्हा वापरण्याची युक्ती साधल्यामुळेच ही संख्या परवडली. अवकाशवाहतुकीचा व्यापार आणि उपग्रहीय इंटरनेट यांचा असा अन्योन्य संबंध आहे.

धावत्या उपग्रहाचा पाठलाग करण्यासाठी ग्राहकाच्या छतावरील सपाट पाटीत शेकडो लहान आकाशक असतात. प्रत्येकाच्या लहरीला किंचित मागेपुढे करून पाटी न हलविता किरणाची दिशा वळविता येते. हौशी रेडिओचालक हेच काम हाताने करतो. हातात धरलेला आकाशक तो उपग्रहाच्या मागोमाग फिरवितो आणि दुसऱ्या हाताने कंप्रता जुळवीत राहतो. कंप्रता जुळविण्याचे कारण परिचयाचे आहे. फलाटाजवळून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिटी येताना उंच आणि जाताना खालच्या पट्टीत ऐकू येते; उपग्रहाच्या संकेताचेही तसेच होते. ४३७ मेगाहर्ट्झवर प्रक्षेपण करणाऱ्या खालच्या कक्षेतील उपग्रहाची कंप्रता उगवताना सुमारे १० किलोहर्ट्झ चढलेली आणि मावळताना तितकीच उतरलेली आढळते. डॉप्लर यांच्या नावाने ओळखला जाणारा हा परिणाम अडचणीचा वाटला, तरी हौशी संशोधकाचे ते मुख्य हत्यार आहे. कंप्रता कशी घसरत गेली याची नोंद केली की त्यावरून उपग्रहाची कक्षा काढता येते.

ऐकणाऱ्याला काय कळते

या हत्याराने हौशी मंडळींनी मोठी कामे केली आहेत. इंग्लंडमधील केटरिंग येथील शाळेत जेफ्री पेरी हे पदार्थविज्ञानाचे शिक्षक विद्यार्थ्यांसह सोव्हिएत उपग्रहांचे संकेत ऐकत. १९६६ साली 'कॉसमॉस' मालिकेतील एका उपग्रहाची कक्षा नेहमीच्या प्रक्षेपणस्थळाशी जुळेना. त्यावरून प्लेसेत्स्क येथील, तोवर जाहीर न केलेल्या तळाचा त्यांनी शोध लावला. कॅनडातील स्कॉट टिली हे हौशी श्रोते २०१८च्या जानेवारीत एका खाजगी अग्निबाणाने नेलेल्या गुप्त उपग्रहाचा माग काढीत होते. तो सापडला नाही. पण २००५ साली संपर्क तुटलेला 'नासा'चा 'इमेज' हा संशोधन-उपग्रह पुन्हा बोलू लागला असल्याचे त्यांना आढळले, आणि 'नासा'ने त्यास दुजोरा दिला.

याच श्रोत्याने २०२५ साली एक गंभीर गोष्ट पुढे आणली. 'स्टारलिंक'च्या धर्तीवर अमेरिकी शासनासाठी तयार केलेल्या 'स्टारशील्ड' या जाळ्यातील सुमारे १७० उपग्रह २०२५ ते २११० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात खालच्या दिशेने प्रक्षेपण करीत असल्याचे त्याने नोंदविले. आंतरराष्ट्रीय वाटपानुसार हा पट्टा मुख्यतः जमिनीवरून अवकाशात आज्ञा पाठविण्यासाठी आहे. ही नोंद कोणत्याही शासकीय यंत्रणेने नव्हे, तर घरी बसून ऐकणाऱ्या एका माणसाने केली.

व्यापारी अग्निबाणांच्या बाबतीतही असेच घडले. २०२१च्या मार्चमध्ये काही हौशी मंडळींनी 'फाल्कन-९' अग्निबाणाच्या दुसऱ्या टप्प्याकडून २२३२.५ मेगाहर्ट्झवर येणारे संकेत उलगडून त्यांतील चित्रे मिळविली. लवकरच कंपनीने हे संकेत गुप्तलिपीत पाठविण्यास प्रारंभ केला. आपल्या यंत्राची माहिती झाकून ठेवण्याचा कंपनीला अधिकार आहे, हे मान्य केले पाहिजे. ग्राहकांचे निरोप तर झाकलेलेच असावेत. ते वाचणे कायद्याला आणि हौशी रेडिओच्या शिष्टाचारालाही धरून नाही. परंतु निरोपातील मजकूर आणि लहरीचे अस्तित्व या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाकिटातील पत्र वाचू नये हे खरे. रस्त्यावरून किती गाड्या गेल्या हे मोजण्यास मात्र कोणाची हरकत नसावी. 'स्टारलिंक'चे उपग्रह १०.७ ते १२.७ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात ग्राहकांकडे प्रक्षेपण करतात. त्यातील काही स्थिर सूर दूरदर्शनच्या तबकडीवर बसविण्यात येणाऱ्या साध्या ग्राहीने, तबकडीवाचूनही, ऐकता येतात. मजकूर कळत नाही, पण उपग्रह आला, गेला, त्याची कंप्रता इतकी घसरली, एवढे कळते. सामान्य नागरिकाच्या हाती उरलेले मोजमापाचे हे साधन आहे.

पट्ट्यांतील गर्दी आणि खोडदची दुर्बीण

रेडिओ कंप्रता ही जमिनीसारखी मर्यादित संपत्ती आहे. फरक असा, की वापर थांबताच ती पूर्ववत् मोकळी होते. एकाच जागी, एकाच वेळी, एकाच कंप्रतेवर दोघे बोलू लागले तर दोघांचेही ऐकू येत नाही. म्हणून देशोदेशींच्या संमतीने पट्टे वाटून दिले आहेत.

अमेरिकेतील 'ए. एस. टी. स्पेसमोबाइल' ही कंपनी खिशातल्या साध्या मोबाइलशी थेट बोलणारे उपग्रह बनविते. मोबाइलचा आकाशक अगदी लहान, म्हणून उपग्रहावरचा प्रचंड, असे हे 'साइट'चेच तत्त्व आहे. २४ डिसेंबर २०२५ रोजी भारताच्या 'एल. व्ही. एम.-३' अग्निबाणाने श्रीहरिकोट्याहून नेलेल्या त्यांच्या 'ब्ल्यूबर्ड' उपग्रहाचे वजन सुमारे ६१०० किलोग्रॅम, आणि आकाशकाचे क्षेत्रफळ २२३ चौरस मीटर होते. या उपग्रहांना आज्ञा देण्यासाठी व त्यांची खबरबात घेण्यासाठी कंपनीने ४३० ते ४४० मेगाहर्ट्झ हा पट्टा मागितला. हौशी रेडिओचा हा जुना पट्टा. भारतीय चालकांना त्यातील ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ मिळालेला आहे आणि 'स्वयम्'सारखे विद्यार्थी-उपग्रह याच भागात बोलतात. अमेरिका आणि युरोपातील हौशी संघटनांनी २०२५ साली या मागणीस हरकती घेतल्या. अब्जावधींच्या उद्योगापुढे छंदाची बाजू लंगडी वाटेल. परंतु विद्यार्थ्यांना कमी खर्चात उपग्रह बनवून शिकता येईल असे पट्टे फारसे उरलेले नाहीत.

गर्दीचा दुसरा परिणाम महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात विचारात घ्यावा लागतो. या तालुक्यातील आर्वी येथे १९७०च्या दशकाच्या आरंभी परदेशांशी उपग्रहाद्वारे दूरध्वनी जोडणारे विक्रम भूकेंद्र उभे राहिले. त्याच तालुक्यातील खोडद परिसरात पुढे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण बांधली गेली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या तीस तबकड्या सुमारे २५ किलोमीटरांच्या टापूत पसरल्या आहेत. त्यांची पृष्ठेही ताणलेल्या तारेच्या जाळीची आहेत, आणि कारणही छत्तीसगडच्या खेड्यांतील तबकड्यांचेच, म्हणजे लांब लहरी, कमी वजन आणि वाऱ्याला वाट, हे आहे.

दूरच्या आकाशगंगांकडून येणारे संकेत कल्पनातीत क्षीण असतात. म्हणून कारखान्यांपासून दूर, डोंगरांच्या आडोशाची जागा निवडली गेली. भनपुरीसारख्या ठिकाणी मोटारी, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि विजेची उपकरणे यांच्या कोलाहलात असे काम अशक्य आहे. परंतु डोंगर आडवा येतो तो जमिनीवरच्या गोंगाटाला. डोक्यावरून येणारा उपग्रह त्याला अडत नाही. नेदरलँड्समधील 'लोफार' या दुर्बिणीने केलेल्या निरीक्षणांत ६८ पैकी ४७ 'स्टारलिंक' उपग्रहांकडून ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या दरम्यान लहरी येत असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. हे प्रक्षेपण हेतुपुरस्सर नव्हते. उपग्रहातील विद्युत् मंडलांतून ते गळत होते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत नव्या पिढीच्या उपग्रहांची गळती बत्तीस पटींपर्यंत अधिक आढळली. खोडदची दुर्बीण ज्या कंप्रतांवर काम करते त्यांत हा भाग येतो. प्रक्षेपणाच्या पट्ट्यांसाठी नियम आहेत; अशा गळतीसाठी पृथ्वीवरच्या उपकरणांना लागू असलेले निर्बंध अवकाशातील उपग्रहांना लागू नाहीत.

व्यापाराचे ऋण आणि किल्लीचा प्रश्न

हौशी रेडिओ आणि अवकाशव्यापार यांचे केवळ वैरच आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कतारचा 'एस-हेल-२' हा व्यापारी दूरदर्शन-उपग्रह २०१८च्या नोव्हेंबरात 'फाल्कन-९'मधून गेला. त्यावर हौशी मंडळींसाठी स्वतंत्र परावर्तक बसविलेले आहेत, आणि भूस्थिर कक्षेतील अशा प्रकारची ही पहिलीच सोय आहे. रायपूरहून पाहिले असता हा उपग्रह पश्चिमेच्या बाजूस क्षितिजापासून सुमारे २४ अंशांवर असतो आणि घरगुती दूरदर्शनच्या तबकडीने तो ऐकता येतो. २०२५च्या जून-जुलैत शुभांशू शुक्ला एका व्यापारी मोहिमेतून आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर गेले. ४ जुलै रोजी त्यांनी बेंगळूरच्या उपग्रह केंद्राशी हौशी रेडिओवरून संभाषण केले. स्थानकाकडून १४५.८ मेगाहर्ट्झवर येणारे असे संभाषण त्या वेळी स्थानक डोक्यावर असलेल्या कोणालाही, कोणाची परवानगी न मागता, ऐकता येते.

उपग्रहीय इंटरनेटची गरजही खरी आहे. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र शासनाने 'स्टारलिंक'शी सहकार्याचे पत्र केले, तेव्हा गडचिरोली आणि नंदुरबार या जिल्ह्यांची नावे त्यात अग्रभागी होती. गडचिरोलीच्या पूर्वेस छत्तीसगडचा बस्तर भाग लागतो. अशा अरण्यमय प्रदेशात तारा टाकणे कठीण आणि खर्चाचे असते. शाळा, दवाखाना आणि पंचायत यांना वरून येणारी लहर हा सुकर मार्ग ठरतो. हीच निकड १९७५ साली होती.

'स्टारलिंक'ला भारतात सेवा देण्याचा दूरसंचार परवाना २०२५च्या जूनमध्ये मिळाला, आणि अवकाशविषयक परवानगी जुलैमध्ये, पाच वर्षांसाठी. भारतीय भांडवलाचा वाटा असलेल्या 'वनवेब' जाळ्याचे ७२ उपग्रह तर २०२२ आणि २०२३ साली श्रीहरिकोट्याहूनच गेले. १९७५ मध्ये एक उपग्रह होता, आज हजारो आहेत. तेव्हा परका देश होता, आज बहुतांशी परक्या कंपन्या आहेत. तरीही खेड्याच्या बाजूने पाहिले तर स्थिती फारशी बदललेली नाही. छतावरची पाटी ग्राहकाच्या पैशाने येते, परंतु ती चालू राहणे न राहणे दुसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असते.

म्हणून उपग्रहीय इंटरनेटचा स्वीकार करताना तीन अटींचा आग्रह रास्त ठरतो. ज्या शाळा-दवाखान्यांचा भार या सेवेवर टाकला जाईल, त्यांच्यासाठी जमिनीवरचा पर्यायी मार्ग हळूहळू का होईना, तयार होत राहिला पाहिजे. रायपूरच्या १९७७च्या केंद्राने टप्प्यातील खेड्यांना तारले ते याच रीतीने. उपग्रहांतून होणाऱ्या गळतीवर आंतरराष्ट्रीय मर्यादा घातली गेली पाहिजे. आणि शिकणाऱ्यांसाठी, ऐकणाऱ्यांसाठी राखलेले पट्टे अबाधित राहिले पाहिजेत. त्या पट्ट्यांवर कान देऊन बसणारा हौशी माणूस कोणाचा नोकर नसतो. आकाशातील वाहतूक मोजून ती जाहीरपणे सांगणारे असे लोक जोवर आहेत, तोवर त्या वाहतुकीचे नियम पाळले जातात की नाही, हे इतरांनाही कळत राहील.